सातवा लाल रुमाल

रविवार, ९ सप्टेंबर १९५६

ही वही राजीने विलायतेहून जानेवारीत पाठवली आणि तिच्यात पहिली ओळ मी आज लिहितो आहे. उशीर झाला, चूक माझी. आठ महिने ती कपाटात कापडात बांधून ठेवली होती. कागद फार चांगला आहे आणि माझा हात मोडीत मुरलेला. बाळबोध लिहिताना अडखळतो. शिवाय लिहिण्यासारखं काही घडायला हवं, असं मला वाटत होतं. राजीचं म्हणणं वेगळं. तिच्या कामात रोजची नोंद ठेवतात. काही दिसलं नाही तर 'काही दिसलं नाही' असं लिहायचं. लिहिलेलं खोडायचं नाही. चूक निघाली तर पुढच्या तारखेला दुरुस्ती लिहायची. 'बाबा, काळजी तोंडाने करण्यापेक्षा कागदावर करा, म्हणजे आईला जरा विसावा मिळेल,' असंही तिने लिहिलं होतं. हे हिने तिला कळवलेलं असणार.

तर नोंद. मी महिपत काटे, वय सदुसष्ट, राहणार लष्कर, ग्वाल्हेर. पणजोबा दख्खनेतून घोड्यावर आले, आजोबा पायदळात गेले, वडील पहाऱ्यावर उभे राहिले आणि मी दफ्तरात बसलो. असं आमचं घराणं खाली खाली येत गेलं. मराठी चौथी झाल्यावर शाळा सुटली. मग दरबारच्या दफ्तरखान्यात अडतीस वर्षं दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे कागद रुमालात बांधून फडताळात ठेवणारा आणि मागितला की काढून देणारा. वाचायचं काम दुसऱ्यांचं.

मुलगी एकच, राजलक्ष्मी. वय सत्तावीस. ती विलायतेत ताऱ्यांचा अभ्यास करते. त्यासाठी आमच्या मध्यभारत सरकारने तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, ती या डिसेंबरात संपते. काम पुरं व्हायला आणखी एक वर्ष हवं म्हणून तिने जूनमध्ये अर्ज केला. अर्जावर अजून हुकूम नाही. आणि ३१ ऑक्टोबरला मध्यभारत सरकारच संपतं आहे. दुसऱ्या दिवसापासून सगळा कारभार भोपाळला. जे सरकार सात आठवड्यांनी राहणारच नाही, ते माझ्या मुलीला एक वर्ष कसं देणार? या विचाराने जेवण जात नाही. ही म्हणते, दोन पोळ्या गेल्या.

संध्याकाळी पूर्वेला मंगळ फार मोठा आणि लाल दिसतो आहे. शेजारी विचारतात, राजी तोच बघत असेल ना? मी हो म्हणतो.

गुरुवार, १३ सप्टेंबर

लक्ष्मीकांत आला होता. हा आमच्या समोरच्या तात्यासाहेबांचा पुतण्या, हल्ली दफ्तरात हेडक्लार्क आहे. कचेऱ्या हलणार म्हणून सगळे कागद निवडून बांधायचे आहेत आणि जुन्या रुमालांत काय आहे ते कोणाला ठाऊक नाही. मोडी वाचणारा माणूस राहिलेला नाही. म्हणाला, "काका, दोन महिने या. तुमच्याशिवाय होणार नाही, सच कहता हूँ."

मी विचार करून सांगतो म्हणालो. तो जिना उतरायच्या आत पगडी शोधायला लागलो.

बुधवार, १९ सप्टेंबर

दफ्तराची दशा बघवत नाही. लक्ष्मीकांतच्या हाताखालची नवी मंडळी कागद सुतळीने बांधतात. सुतळी कागदाची कड कापते हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुतळीच वापरली.

आमच्या वेळी नियम सोपा होता. पांढऱ्या रुमालात रोजच्या कामाचे कागद. ते काही वर्षांनी निवडून जाळायचे. लाल रुमालात कायमचे कागद: सनदा, तहनामे, वतनं. अडतीस वर्षांत लाल रुमालातला एक चिटोराही गहाळ झाला नाही. पांढऱ्यांतले किती गेले ते देव जाणे.

राजीचं पत्र आलं. तिचं काम नेमकं काय, हे मी विचारलं होतं, कारण तात्यासाहेब दर आठवड्याला विचारतात आणि मी दर आठवड्याला काहीतरी निराळं सांगतो. तिने चार पानं लिहिली आहेत. आपल्या आकाशगंगेसारख्या पुष्कळ आकाशगंगा दूरवर आहेत. त्यांतल्या काहींच्या अगदी मधोमध एक बारीकसा ठिपका असतो आणि तो एकटा बाकीच्या सगळ्या ताऱ्यांना झाकून टाकील इतका उजळ असतो. अमेरिकेतल्या मोठ्या दुर्बिणीवर अशा एका ठिपक्याचे फोटो काचांवर घेतले आहेत आणि राजी तीन वर्षं त्या काचा मोजते आहे. मी समजत होतो ती दुर्बिणीला डोळा लावून बसते. ती लिहिते, तिने वर्षभरात दुर्बीण पाहिलेली नाही, आणि आकाशही फारसं नाही, कारण तिथे ढग असतात.

तर त्या ठिपक्याभोवती वायू सेकंदाला हजारो मैल वेगाने फिरतो. का फिरतो? ती लिहिते: 'बाबा, लहानपणी मी तुमच्या दफ्तरात यायचे तेव्हा तुम्ही मला एक खूण सांगितली होती. साहेबाचं दार बंद असलं तरी बाहेरचे शिपाई किती जोरात पळताहेत त्यावरून आत किती मोठा साहेब बसलाय ते कळतं. माझं काम तेवढंच आहे. शिपाई पळताना दिसतात. साहेब दिसत नाही. पण हिशेब केला तर आत फार जड, फार लहान जागेत मावणारं काहीतरी बसलेलं असलं पाहिजे. माझे गुरू म्हणतात, जे कोणी पाहिलेलं नाही ते प्रबंधात लिहू नकोस.'

तिचे गुरू सावध माणूस दिसतात. मी कळवलं, त्यांचं ऐक. जे दिसत नाही त्यासाठी सरकारकडे एक वर्ष मागणं मला आधीच अवघड वाटतं आहे. त्यात असं काही लिहिलंस तर तो अर्ज कोण पुढे पाठवील?

तात्यासाहेबांना एवढंच सांगितलं की ती एका फार मोठ्या साहेबाच्या शोधात आहे. ते म्हणाले, "महिपतराव, मग तिला तिकडेच शोधू दे. इथले सगळे भोपाळला चाललेत."

मंगळवार, २ ऑक्टोबर

काही दिसलं नाही.

शनिवार, ६ ऑक्टोबर

आज राजीची फाईल सापडली. शिक्षणखात्याने आपले अपुऱ्या कामाचे कागद बांधायला आमच्याकडे पाठवले, त्या ढिगात मधोमध होती. वर तिचं नाव, आत जूनचा अर्ज, त्यावर इंग्रजीत शेरा, त्याचा अर्थ: 'मुदतवाढीस हरकत दिसत नाही. मंत्रिमहोदयांच्या सहीसाठी ठेवावे.' म्हणजे सही तेवढी राहिली आहे. मी दोनदा लक्ष्मीकांतकडून वाचून घेतलं. त्याला नाव झाकून दाखवलं, उगाच बोभाटा नको.

फाईलच्या कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो कोणाचा हे मी शोधून काढणार आहे.

दुपारी पहिला ट्रक भरताना पाहिला. गठ्ठे खालून वर फेकत होते, जशी वाळूची पोती फेकतात. एक फुटला. कागद अंगणभर झाले. चौकीदाराची शेळी आली तेव्हा मी धावलो, पण सदुसष्टाव्या वर्षी शेळीशी शर्यत होत नाही. तिने काय खाल्लं ते कोणालाही सांगता आलं नाही. लक्ष्मीकांत म्हणाला, जाऊ द्या, नक्कल असेल.

भोपाळ अडीचशे मैल. वाटेत किती वेळा चढवायचं, उतरवायचं. जेवण गेलं नाही. हे हिनेही मान्य केलं.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

लक्ष्मीकांतने वरून आलेला हुकूम सगळ्यांना वाचून दाखवला. चालू कामाचे कागद पांढऱ्यात बांधून भोपाळला जातील. लाल रुमाल जुने दस्तऐवज आहेत, ते इथेच आतल्या खोलीत राहतील, ३१ तारखेला खोलीला कुलूप आणि लाखेची मोहोर लागेल, पुढे कधीतरी समिती नेमून त्यांचं काय करायचं ते ठरेल. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

हे शेवटचं वाक्य ऐकून मनाला फार बरं वाटलं. इतक्या धामधुमीत निदान एका जागी तरी शिस्त आहे.

शनिवार, १३ ऑक्टोबर. खंडेनवमी

आज घरी पणजोबांच्या तलवारीची पूजा आणि दफ्तरात दौत-लेखणीची. आमच्या दफ्तरात जुनी चाल आहे, खंडेनवमीला दफ्तऱ्याने आपल्या हाताने एक नवा लाल रुमाल बांधायचा. त्यात त्या वर्षातला सगळ्यात मोलाचा कागद ठेवायचा. कोणता, ते दफ्तरी ठरवायचा, साहेब नव्हे. वर्षातून एक दिवस आमचा असे. सरकार बदललं तेव्हापासून चाल मोडली होती.

मी घरून नवा लाल खादीचा तुकडा नेला. हळदकुंकू लावलं, कडुनिंबाची पानं घातली आणि राजीची फाईल त्यात बांधली. गाठ माझी, दुहेरी, ती दुसऱ्या कोणाला येत नाही. आतल्या खोलीत तिसऱ्या फडताळावर सहा रुमाल आहेत, सगळे सनदांचे. त्यांच्या शेजारी सातवा ठेवला.

कोणाला विचारलं नाही हे खरं. पण विचारायचं काय? भोपाळवाले कागद मागतील तेव्हा मी काढून देईन. अडतीस वर्षं असंच चाललं. साहेब बदलले, मागणं तेच, काढून देणारा तोच. चहाचा डाग, शेळी, ट्रक, यांपैकी आता काहीही तिथे पोचत नाही.

राजीला आजच कळवलं: तुझी फाईल सुरक्षित आहे, मी स्वतः बघितलं आहे, काळजी नको. घरी आल्यावर हिला सांगितलं. ही ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "पण मग ती भोपाळला जाणार कशी?" बायकांना दफ्तराचं काम समजावणं कठीण.

सोमवार, २९ ऑक्टोबर

आज एक पाहिलं ते राजीला कळवण्यासारखं आहे, म्हणून नीट लिहितो.

सकाळपासून वरच्या मजल्यावर शिपाई पळत होते. इतके जोरात मी दरबारच्या दिवसांतही पाहिले नाहीत. मंत्र्यांच्या खोलीतून शिक्षणखात्यात, तिथून आमच्याकडे, इथून परत वर. एकाची पगडी जिन्यात पडली ती उचलायला तो थांबला नाही. मला वाटलं, फार मोठं कोणी आलं आहे. एक वाजता वर जाऊन पाहिलं तर खोलीचं दार सताड उघडं आणि आत कोणी नाही. खुर्चीसुद्धा नव्हती, ती आदल्या दिवशी भोपाळला गेली. मंत्रीसाहेब म्हणे स्टेशनवर बसले आहेत, तीनच्या गाडीने निघणार.

लक्ष्मीकांत घामाघूम होता. काय शोधताय म्हणून विचारलं तर म्हणाला, "काका, तुम्ही रुमाल बांधा. यह चालू फाइलों का मामला है, तुमचं काम नाही." मला हे लागलं. चालू म्हणे. आमच्या वेळी अशी पळापळ झाली की आधी दफ्तऱ्याला विचारत. गेलो आणि आतल्या खोलीत बसलो. तिथे शांत होतं. या पळणाऱ्यांच्या हाती राजीची फाईल नाही, याचं समाधान वाटलं.

पण मुद्दा हा की शिपाई पळत होते आणि खोलीत कोणी नव्हतं. तेव्हा मी तिला सांगितलेली खूण खोटी ठरली. आधीच कळलं असतं तर तिची तीन वर्षं वाचली असती. आज पत्र टाकलं.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

चार वाजता खोलीला कुलूप लागलं. लाख मी वितळवली, मोहोर लक्ष्मीकांतने उठवली. यादीवर सही करायला मलाच बोलावलं, मी मोडीत केली. यादीत १९४७ सालापर्यंतचे कागद आहेत असं लिहिलेलं होतं. मी काही बोललो नाही. शेवटच्या दिवशी कुठे हुज्जत घालायची? लक्ष्मीकांतने मोहोर कागदात गुंडाळून खिशात घातली. ती भोपाळला जमा करून रद्द करायची आहे.

उद्यापासून तोही तिकडे. पाया पडला. म्हणाला, काका, जपून राहा. मी म्हणालो, गठ्ठे फेकू देऊ नकोस.

शुक्रवार, २ नोव्हेंबर. दिवाळी

टोपी बाजारात गर्दी नेहमीची, पण थाटीपुरातली सरकारी घरं निम्मी अंधारी आहेत म्हणे. माणसं गेली. तात्यासाहेब फराळाला आले. म्हणाले, "आता ग्वाल्हेरात आपण दोघे आणि किल्ला." मी म्हणालो, काही कचेऱ्या राहणार आहेत असं ऐकतो. ते म्हणाले, "चकली छान झाली आहे."

बुधवार, २१ नोव्हेंबर

राजीचं पत्र. एका पानात तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींनी मला तीन दिशांना ओढलं.

पहिली: तिने भोपाळला चौकशी केली, तिथून उत्तर आलं की या नावाची कोणतीही फाईल आलेली नाही. दुसरी: तिच्या विद्यापीठात शिकवायची जागा निघाली आहे. चार वर्षांची. ती घेतली तर ठिपक्याचं काम पगारावर पुरं करता येईल, पण मग चार वर्षं घरी येणं होणार नाही. होकार १५ जानेवारीच्या आत द्यायचा. ती लिहिते: 'तुम्ही स्वतः फाईल बघितलीत आणि सुरक्षित आहे म्हणता, त्यामुळे मला घाई नाही. शिष्यवृत्तीचं वर्ष मिळालं तर वर्षभरात घरी येईन. मी नकार द्यायच्या विचारात आहे. तुमचा शब्द मला भोपाळच्या पत्राहून मोठा आहे.'

हे वाक्य हिला मोठ्याने वाचून दाखवलं. भोपाळवाल्यांना अजून गठ्ठे लागलेले नाहीत एवढंच. ते मागतील, मी देईन. वर्षभरात पोर घरी येईल. मी पुन्हा लिहिलं: फाईल सुरक्षित आहे.

तिसरी गोष्ट शेवटी दोन-तीन ओळींत आहे. 'तुमच्या २९ तारखेच्या नोंदीबद्दल आभार. माझ्या गुरूंनाही वाचून दाखवली, ते फार हसले. पण एक विचारते: साहेब खोलीत नव्हता, मग शिपाई कशाभोवती पळत होते ते बघितलंत का?'

नाही बघितलं. कशाभोवती असणार? घाईभोवती.

रविवार, २५ नोव्हेंबर

लक्ष्मीकांत रजेवर आला आहे. दुपारी भेटायला आला, हिने शंकरपाळे दिले. मी सहज म्हणालो, तुमच्याकडे फायली लागायला वेळ लागतोय वाटतं.

तो म्हणाला, बाकी लागल्या, पण एक प्रकरण अजून डोक्याला ताप आहे. मंत्रीसाहेब स्टेशनवर बसून शिष्यवृत्तीच्या पाच फायलींवर सह्या करून जाणार होते. चार सापडल्या. पाचवीचा नुसता नंबर हाती होता, तिच्यासाठी सगळी कचेरी पालथी घातली, गाडी तीनला सुटली. "तिकडे गेल्यावर यादीत नाव पाहिलं तर राजीताईचं. काका, कसम से, मुझे पता होता तो मैं खुद ढूँढ़ता."

मी हातातला शंकरपाळा ताटलीत ठेवला. मग त्याला सांगितलं फाईल कुठे आहे.

तो उठून उभा राहिला आणि परत बसला. हळू आवाजात म्हणाला, "लाल में क्यों बाँधा, काका?"

मी म्हणालो, लाल रुमालातलं काही हरवत नाही.

"हरवली नाहीच," तो म्हणाला. "आता ती कधीच हरवणार नाही."

खोली उघडायची कशी ते विचारलं. समिती नेमली गेलेली नाही. मोहोर ज्या सरकारची, ते सरकार नाही. मोहोर रद्द झाली. नवं सरकार जुन्या यादीवर चालणार आणि यादीत ती फाईल नाही, म्हणजे ती तिथे नाहीच. हे सगळं तो मलाच समजावत होता आणि मला ते आधीच ठाऊक होतं. ही शिस्त मीच त्याला शिकवली.

बुधवार, २८ नोव्हेंबर

दफ्तरात जाऊन आलो. आतल्या खोलीच्या दारावर लाख तशीच आहे, चांगली लागली आहे, कुठे भेग नाही. दाराच्या फटीतून कडुनिंबाचा वास येतो. पाऊण तास उभा होतो. चौकीदार म्हणाला, "बाबूजी, कुछ भूल गए क्या अंदर?"

मंगळवार, ४ डिसेंबर

आज ही बोलली. नऊ दिवस काही म्हणाली नव्हती, त्यावरून मी ओळखायला हवं होतं.

भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला ती फाईल भोपाळला जायलाच नको होती."

मी म्हणालो, शेळी, ट्रक, चहा, सगळं तुला सांगितलं आहे.

"सांगितलं. पोर तीन वर्षांपूर्वी ग्वाल्हेराबाहेर गेली, तिला कुठे बांधून ठेवता आलं तुम्हाला? कागद सापडला, तो बांधलात. दुहेरी गाठ."

हे खरं नाही. मी फक्त सगळ्यात चांगला रुमाल निवडला. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे नोंद राहील.

रविवार, ९ डिसेंबर

राजीला पत्र लिहायला बसलो. चार लिहिली, चारही फाडली. पहिल्यात चूक कबूल होती पण ती अशी की वाचणाऱ्याला शेळीचीच चूक वाटावी. दुसऱ्यात नुसती प्रकृतीची चौकशी झाली.

तात्यासाहेबांनी सरळ मार्ग सांगितला. "लिहा, भोपाळवाल्यांनी हरवली. सगळे हेच म्हणताहेत, कोणाला खोटं वाटणार नाही. नाहीतर पेन्शनीवर बालंट येईल." तिसरं पत्र तसं लिहिलं. चांगलं उतरलं होतं, ओळीला ओळ. मग आठवलं की तिच्याकडे माझी ऑक्टोबरपासूनची तीन पत्रं आहेत आणि ती मोजणारी मुलगी आहे. तीन वर्षं एक ठिपका मोजणारी माझ्या तीन पत्रांतलं अंतर मोजणार नाही का?

चौथं सगळं खरं होतं, पण अर्ध्या पानात संपलं. इतकी मोठी चूक आणि अर्धं पान. तिला वाटेल काहीतरी लपवलं आहे.

बुधवार, १२ डिसेंबर

राजी, आजची नोंद तुलाच लिहितो, कारण ही वही आता तुझ्याकडे येते आहे. पत्र जमलं नाही. यात सगळं तारखेनुसार आहे, खोडलेलं काही नाही, ते मला बरं दिसत नसलं तरी. तुझ्या आईचं ४ तारखेचं बोलणंही ठेवलं आहे. त्याच्याखाली मी लिहिलं आहे की हे खरं नाही. त्याची दुरुस्ती लिहायची असेल तर ती कशी लिहायची हे मला आठ दिवस सुचलेलं नाही. तू वाचून ठरव.

काल दफ्तराच्या कचेरीत लेखी दिलं: अमुक फाईल अमुक खोलीत, तिसऱ्या फडताळावर, सातव्या लाल रुमालात आहे आणि ती मी ठेवली. तिथला नवा कारकून म्हणाला, ऐसा कोई कमरा हमारी सूची में नहीं है. पण कागद घेतला आणि शिक्का मारून पोच दिली. पोच वहीत ठेवली आहे. तिला काही अर्थ नाही, पण शिक्का स्वच्छ उठला आहे.

२९ ऑक्टोबरच्या नोंदीची दुरुस्ती: शिपाई पळत होते ते रिकाम्या खोलीभोवती नव्हे. जे ते शोधत होते ते खाली, आतल्या खोलीत, हातभर लांबीच्या लाल रुमालात बांधलेलं होतं आणि दफ्तरी त्याच्या शेजारीच बसला होता. कोणाला दिसत नव्हतं एवढंच. तेव्हा खूण खोटी ठरली नाही, बघणाऱ्याने चुकीच्या खोलीत डोकावलं. तुझ्या गुरूंना हे वाचून दाखव. तुझा साहेब खोलीत बसलेलाच आहे, असं मला वाटतं. प्रबंधात लिहायचं की नाही ते मी सांगणार नाही. मी सप्टेंबरात सांगितलं होतं, ते माझं काम नव्हतं.

आणि नोकरीला होकार दे. शिष्यवृत्तीची वाट बघू नकोस. ती आता निघणार नाही. माझा शब्द भोपाळच्या पत्राहून मोठा मानलास, या वेळी भोपाळचं पत्र खरं होतं. चार वर्षं म्हणजे मी एकाहत्तरचा होईन. तुझ्या आजोबांना ऐंशीव्या वर्षीही दातांनी चणे फोडता येत, तेव्हा उगाच हिशेब करत बसू नकोस. आई म्हणते गरम बंडी विणून पाठवते, माप कळव.

वही विमानाने पाठवतो आहे. पोस्टात ती बांधायला मी जुना पांढरा रुमाल नेला होता. बाबू म्हणाला, कापड चालत नाही, खाकी कागद लावा. लावला. सुतळी त्यांनीच बांधली, मी काही बोललो नाही.

१५ जानेवारीला फार दिवस नाहीत. वही पोचली की दोन ओळी टाक, आणि होकार दिल्याचं लगेच पुढच्या टपालाने कळव. टपालवाला साडेदहाला येतो. मी दारातच असतो.